बाईंचे डोळे आणि माझे ठिपके

मी मॉनिटर बोलतोय. ज्याच्याकडे बघून तुम्ही डोळे चोळता आणि वर "या स्क्रीनमुळे डोकं दुखतं" म्हणून ज्याला बोल लावता, तोच मी.

कारखान्यात माझ्या अंगावर त्र्याऐंशी लाखांच्या आसपास ठिपके बसवले गेले. बढाई मारत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही. तिथून खोक्यात बसून मी थेट बाईंच्या टेबलावर आलो.

बाई बस डेपोसाठी वेळापत्रकं तयार करतात. थांब्यावर काचेमागे लावलेला आकड्यांचा कागद असतो ना, तो घरी बसून त्या बनवतात. अठरा वर्षांत त्यांची एकही चूक निघाली नव्हती. त्यांचे यजमान घड्याळजी. दुकान बंद केलं, पण हात स्वस्थ बसेनात. घरात जे दिसेल ते उघडून बघायचं, हा त्यांचा छंद. संगणकावरची प्रणालीही त्यांनी मुद्दाम मुक्त निवडली होती, कुणाच्या मालकीची नसलेली, हवं ते उघडून बदलता येणारी.

माझ्यावर सगळं लखलखीत दिसायचं, पण बारीक. इतके ठिपके दाटीवाटीने बसवल्यावर अक्षरं मुंगीएवढीच होणार. बाई पुढे वाकून वाकून वाचायच्या आणि मग मान धरून बसायच्या. घड्याळजींना ते बघवेना. एका दुपारी बाई डेपोत गेल्या असताना त्यांनी डिस्प्लेची सेटिंग उघडली. तिथे रेझोल्यूशनच्या, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं असावं त्या आकड्यांची लांबलचक यादी होती. त्यांनी त्यातला एक छोटा आकडा निवडला आणि अक्षरं टम्म फुगली.

"अगंबाई! केवढी मोठी झाली हो!" बाई आल्या आल्या म्हणाल्या. घड्याळजी संध्याकाळभर मिशीत हसत होते.

मी मात्र मनातून चरकलो. मला माझ्या निम्म्याहून कमी ठिपक्यांचं चित्र मिळत होतं आणि तेच ताणून अंगभर पसरावं लागत होतं. प्रत्येक रेघ शेजारच्या ठिपक्यांवर सांडायची. अक्षरं मोठी झाली होती, पण कडा पार विरघळल्या होत्या. हे मी कुणाला सांगणार? मला दाखवता येतं, बोलता येत नाही.

दोन महिन्यांनी ती चूक झाली. सकाळी सहा अकराची बस कागदावर सहा एकोणीसला छापली गेली. नळाच्या पाण्यासारखी रोज वेळेवर येणारी बस निघून गेली आणि थांब्यावर वीसेक माणसं ताटकळली. त्यात रुग्णालयात कामावर निघालेली एक परिचारिका होती. डेपोचे साहेब फोनवर म्हणाले, "होतं असं बाई, मनावर घेऊ नका." बाईंनी घेतलं. त्यांनी मूळ फाइल उघडून ते आकडे पुन्हा पुन्हा बघितले. एक कुठला आणि नऊ कुठला, त्यांना आताही सांगता येईना. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचा धीर होईना आणि घरात त्या चकार शब्द बोलल्या नाहीत.

मग एके सकाळी त्यांनी पत्र लिहायला घेतलं. "यापुढे मला हे काम झेपणार नाही." ते वाक्य मला दाखवावं लागलं. त्या दिवशी वीज गेली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

घड्याळजी चहा घेऊन आले आणि खांद्यावरून वाचतच उभे राहिले.

"हे काय गं?"

"दिसत नाही हो मला. डोळे गेले माझे."

त्यांनी कप खाली ठेवला. खिशातून भिंग काढलं, डोळ्यात अडकवलं आणि घड्याळाच्या आत बघावं तसे माझ्या काचेला नाक टेकवून बघत राहिले.

"तुझे डोळे कसले गेले! याचीच अक्षरं फिसकटलीत."

त्यांनी डेपोतल्या संगणकवाल्या मुलीला फोन लावला. ती हसली. "काका, रेझोल्यूशन कमी करायचं नसतं. ते पूर्ण ठेवा आणि खाली अक्षरांचा आकार वाढवणारं स्केल आहे ना, ते दीडशे टक्क्यांवर न्या." त्यांनी नेलं. माझे सगळे ठिपके एकदम कामाला लागले. अक्षरं तेवढीच मोठी, पण कडा कशा कातरीने कापल्यासारख्या!

फक्त वेळापत्रकाचा तो जुना प्रोग्राम हट्टाला पेटला. सगळा डेस्कटॉप मोठा झाला तरी हा आपला बारीकच. मुलगी म्हणाली, जुने प्रोग्राम डेस्कटॉपचं ऐकत नाहीत, त्यांना वेगळं सांगावं लागतं. तो प्रोग्राम ज्या हुकमाने सुरू होतो, त्याच्या आधी किती मोठं व्हायचं ते सांगणारा एक छोटा शब्द आणि आकडा जोडायचा होता. घड्याळजींनी दोनदा चुकवला, तिसऱ्यांदा जमला. वेळापत्रक उघडलं. सहा अकरा. बाईंनी बोट ठेवून मोठ्याने वाचलं आणि पदर डोळ्याला लावला.

"अगं, मला आधी नाही का सांगायचं?"

"कोणत्या तोंडानं सांगू? एवढ्या हौसेनं तुम्ही मोठं करून दिलं होतंत. त्यातही दिसत नाही म्हटलं असतं, तर तुमचं मन मोडलं असतं."

घड्याळजी बराच वेळ शर्टाच्या टोकानं भिंग पुसत बसले. ते पत्र कुणीच पाठवलं नाही.

याला आता सहा वर्षं झाली. माझ्या उजव्या कडेला एक हिरवी रेघ उमटलीय, कोपऱ्यातले काही ठिपके कायमचे मिटलेत. वेळापत्रकं अजून माझ्यावरच होतात. माझे जायचे दिवस जवळ आलेत, म्हणून एवढंच मागतो: अंधुक दिसलं तर आधी आमची सेटिंग बघा आणि तरीही दिसलं नाही तर जवळच्या माणसाला सांगा. आम्हाला मोठं होता येतं, पण कुणी सांगितल्यावरच.

परवा काम करता करता बाई थांबल्या. "अहो," त्यांनी आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "उजव्या डोळ्यानं जरा कमी दिसतंय हो आता."

घड्याळजी आले, शेजारी खुर्ची ओढून बसले आणि मला पावणेदोनशे टक्क्यांवर नेलं. "आणि उद्या डॉक्टरांकडे जाऊ," ते म्हणाले. "दोघंही."