तू म्हनशीन तसं

रुबिना सिस्टरने पेनाचं टोपण दातांत धरून काढलं आणि म्हणाली, "आता खाली बसा मावशी. वावरात निंदायला बसता तशा."

अन्नपूर्णाबाई दवाखान्याच्या फरशीवर उकिडव्या बसल्या. परकराची नाडी पोटात रुतली. सिस्टरही समोर उकिडवी बसली, नाडीखाली दोन बोटं सरकवून तिनं अंदाज घेतला, मान हलवली. मग उभं केलं, वाकायला लावलं, पुन्हा बसवलं. शेवटी बेंबीच्या उजव्या अंगाला, थोडी खाली, एक निळी फुली मारली.

"हे काय केलं?"

"खूण. पिशवी लावायची झाली तर इथं. पोटाच्या घडीत नाही आली पाहिजे अन् नाडीखाली नाही दबली पाहिजे. तुम्ही नाडी चार बोटं वर बांधायची सवय करा."

"पन ठरवायचं त मले हाये म्हने. डॉक्टरीनबाई म्हने, तुमी ठरवा. अन् तुमी त फुली मारून मोकळ्या!"

सिस्टर हसली. ती रोहिणखेडची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. पण औरंगाबादच्या दवाखान्यात राहून तिच्या बोलण्याला इस्त्री बसली होती.

"ठरवायचं तुम्हीच, मावशी. पण पोट उघडल्यावर आतली थैली जमलीच नाही, तर त्या वेळेला जागा कुठं हुडकायची? म्हणून फुली सगळ्यांनाच मारतो आम्ही."

अन्नपूर्णाबाईंनी पदर सारखा केला. ठरवायचं आपण आणि खूण आधी यांची. गावातल्या निवडणुकीत याहून वेगळं काय असतं?

मूत्राशयात गाठ होती आणि मूत्राशय काढायचंच होतं. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. लघवीतून रक्त जायचं तेव्हा वर्षभर सगळ्यांनी 'गरम पडलं' म्हणून गोळ्या दिल्या, तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. आता मात्र पुढची वाट कोणती, हे त्यांनी सांगायचं होतं. दोन्ही वाटा आतड्याच्या तुकड्यातूनच निघणाऱ्या. एकीत पोटावर लहानसं लाल तोंड काढायचं, त्यावर पिशवी चिकटवायची, भरली की खालची तोटी सोडून रिकामी करायची. दुसरीत आतल्या आत नवी थैली शिवायची. बाहेरून कुणाला काही दिसायचं नाही. पण ती थैली भरल्याचं सांगत नाही. घड्याळ बघून जावं लागतं, रात्री गळू शकते, आणि बायकांची कधीकधी रिकामीच होत नाही. मग आपल्या हातानं नळी घालायची.

"आजार दोन्हीत सारखाच निघतो," सिस्टर म्हणाली. "फरक नंतरच्या जगण्याचा. दोन्ही चांगल्या आहेत."

दोन्ही चांगल्या म्हणणारा दुकानदार दोन्ही साड्या खपवायला बसलेला असतो, हे अन्नपूर्णाबाईंना चिखलीच्या बाजारानं शिकवलं होतं.

बाहेर बाकावर महादेवराव रिपोर्टांची थैली मांडीवर घेऊन बसले होते.

"काय म्हने?"

"कोनती पाहिजे, बाहेरची का आतली, ते सांगा म्हने. तुमाले काय वाटते?"

महादेवराव थैलीचे बंद सारखे करू लागले. "मले काय वाटायचं? तू म्हनशीन तसं."

अन्नपूर्णाबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

*

या माणसाच्या तोंडून हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. बोअर कुठं मारायचं, पोराचं नाव काय ठेवायचं, कोणत्या वाफ्यात काय लावायचं, सगळं नवऱ्याचंच ठरलेलं. त्या एकदा माहेरी गेल्या असताना महादेवरावांनी घराला पोपटी रंग देऊन घेतला होता. परत आल्यावर अन्नपूर्णाबाई स्वतःचंच घर ओलांडून चार घरं पुढं गेल्या होत्या. त्यावरून सहा महिने भांडण चाललं. भांडण म्हणजे घरात सगळं ठीक असल्याची खूण होती.

पुण्याहून पोराचा, ऋत्विकचा, फोन आला. "आई, तुझा निर्णय महत्त्वाचा." त्याच्या खांद्यावरून सून अर्पिता डोकावली. "हो आई, तुमचं शरीर आहे, तुम्हीच ठरवा." दोघं इतक्या हळू आवाजात बोलत होते, जणू कुणी झोपलंय.

तो आवाज अन्नपूर्णाबाईंच्या ओळखीचा होता. सासूबाईंच्या वेळी तो त्यांनी स्वतः काढला होता. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं आणि त्या संध्याकाळी त्या सासूबाईंच्या कानाशी वाकल्या होत्या. "तुमाले काय खावंसं वाटते, सांगा." जन्मभर सुनेच्या हातचं जे वाढलं ते नाव ठेवून खाणारी म्हातारी पहिल्यांदा गोंधळली. मग म्हणाली, शेगावची कचोरी. महादेवराव तेवढ्यासाठी शेगावला जाऊन आले. तोंडात दात नव्हते. म्हातारीनं मसाला चाखला, नातवाला उरलेली दिली, आणि आठवडा काही काढला नाही.

विचारतात कुणाला, हे अन्नपूर्णाबाईंना पक्कं माहीत होतं.

गावी, उंद्रीला, आल्यावर त्यांनी महादेवरावांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "विहिरीजवळच्या वाफ्यात यंदा झेंडू लावीन म्हनतो."

तो वाफा महादेवरावांच्या वांग्यांचा. तिथं त्यांनी सख्ख्या भावाला कोथिंबीर टाकू दिली नव्हती.

"लाव," महादेवराव म्हणाले.

"सगळ्या वाफ्यात."

"लाव न."

रात्रीच्या बातम्यांच्या वेळेला रिमोट अन्नपूर्णाबाईंच्या मांडीवर येऊन पडला. दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णाबाईंनी शेवटचं हत्यार काढलं. पिठल्यात मिठाचा दुसरा चमचा घातला, आणि हात थांबत नाही असं पाहून तिसराही घातला. मिठाचा कण इकडंतिकडं झाला तर ताट सारणारा माणूस. दोन पाहुण्यांसमोर त्यांनी ताट सारलं होतं, लेकाच्या साखरपुड्यात व्याह्यांच्या घरी सारता सारता वाचलं होतं.

महादेवरावांनी पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. दुसरा घेतला. भाकरीनं वाटी पुसून काढली आणि दोन तांबे पाणी प्यायले.

"अजून वाढू?"

"वाढ थोडं."

अन्नपूर्णाबाईंनी पातेलं खाली ठेवलं. "मी काही ऑपरेशनले येत नाही."

"काऊन?"

"मरायचंच आसन त साबूत मरीन. कायले पोट फाडून घ्यायचं?"

"कोन म्हने, मरशीन म्हनून?"

"तुमी."

"मी?"

"तुमी पिठलं खाल्लं."

महादेवरावांनी रिकामी वाटी उचलून आत पाहिलं.

"तीन चमचे मीठ होतं त्यात. हूं का चूं केलं नाही तुमी. माय तुमची गेली तवा कचोरी आनली होती, याद हाये का? खरं सांगा, डॉक्टरीननं तुमाले अलग घेऊन काय सांगितलं?"

"काही नाही सांगतलं."

"मंग वांग्याच्या वाफ्यात झेंडू काऊन?"

महादेवरावांनी ताटातच हात धुतला. चपला पायात सरकवून ते वावराकडे निघून गेले. अन्नपूर्णाबाईंना काय कळायचं ते कळलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा पिठलंच करत होत्या. परीक्षा संपली होती. मीठ रोजच्या हातानं पडलं. तळहातावर थेंब घेऊन चाखलं आणि ताट वाढलं.

महादेवरावांनी घास तोंडात घातला आणि ताट हातभर लांब सारलं.

"काय वं, हे पिठलं हाये का मिठाचं पोतं फुटलं? खारट जहर! अन् झेंडू लावून राह्यली म्हने वाफ्यात. हात त लावून पाह्य! विहिरीजवळ वांगं नसलं त ते वावर म्हनायचं का?"

अन्नपूर्णाबाईंच्या छातीवरचा धोंडा कुणी तरी उचलून बाजूला ठेवला. "वांगे, वांगे! खाते कोन तुमचे वांगे? किड्याइले जेवू घालता वर्सभर!" असं म्हणत त्यांनी ताट उचललं आणि आत आल्या. किती दिवसांनी घरात आवाज झाला होता. बाहेर महादेवराव अजून बडबडत होते, पोपटी रंगापर्यंत जाऊन पोचले होते.

सवयीनं त्यांनी पिठल्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

पुन्हा लावलं.

मीठ बरोबर होतं.

त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. दाराच्या फटीतून महादेवराव दिसत होते. बडबड चालूच होती, पण नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे लागली होती, आणि हातातल्या भाकरीच्या तुकड्याचा चुरा होऊन मांडीवर सांडत होता. डॉक्टरणीनं काही सांगितलं असेल, नसेलही. आता बाहेर जाऊन पकडलं असतं तर जागेवर पकडले गेले असते; खिशातली तंबाखूची पुडी त्यांना आजवर एकदाही लपवता आली नव्हती. पण पकडलं की हा माणूस उद्यापासून पुन्हा वाढेल ते गप खाणार.

अन्नपूर्णाबाईंनी दुसरं ताट घेतलं. त्याच पातेल्यातलं पिठलं वाढलं, वर तेलाची धार सोडली, बाजूला ठेचा ठेवला.

"घ्या. दुसरं केलं."

महादेवरावांनी घास घेतला. बराच वेळ चावत राहिले.

"हं. आता जमलं."

"त्या सिस्टरले फोन लावा."

चावणं थांबलं.

"आतली थैली नको म्हना. भरली का रिकामी, काही सांगत नाही. तसं एक घरात हाये, तेवढं पुरे. बाहेरची पिशवी बरी. डोयानं दिसन तरी."

"तुले पक्कं वाटते न? नाही त मी म्हनतो, तू—"

"आता इच्यारू नका."

त्या आत गेल्या. दार लोटून त्यांनी नाडीची गाठ सोडली. फुली पुसट झाली होती, पण जागेवर होती. नाडी चार बोटं वर घेऊन त्यांनी गाठ मारली आणि एकदा खाली बसून पाहिलं, निंदायला बसतात तसं.

बाहेर महादेवराव फोनवर ओरडत होते, औरंगाबादला बसलेल्या सिस्टरला एवढ्या लांबचं ऐकू येत नाही असं समजून.

"हाव, बाहेरचीच! नाही सिस्टर, मी नाही ठरवलं. माहं कोन आयकते इथं?"