समोरासमोरचे टाके

लोकर या पदार्थाविषयी वन्संना जन्मात कधी आदर वाटला नव्हता. ती मांडीवर घेऊन बसणाऱ्या बायकांविषयी तर नाहीच. उभं आयुष्य छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका टिपण्यात गेलं, आणि आता डावं मनगट मोडून धाकट्या भावाच्या घरी येऊन पडल्यावर स्वतःच्या चुका विणणं नशिबी आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "बोटं आखडलीत. वीतभर सरळ पट्टी विणून दाखवा, मग खुशाल आपल्या घरी एकट्या राहा."

आपलं घर! जिथली शांतता कोणी पुसून, झटकून, घडी घालून ठेवत नाही. त्याच्यासाठी वन्संनी भावजयीची शिकवणी पत्करली. त्या डावखुऱ्या, म्हणून शेजारी बसून भागेना; आरशातल्यासारखं समोर बसावं लागे. भावाच्या लग्नाच्या दिवसापासून ज्या चेहऱ्याकडे त्यांनी नीट पाहणं टाळलं, तो आता रोज दुपारी गुडघ्याला गुडघा लावून उगवू लागला.

"सुई टाक्यात घाला. लोकर गुंडाळा. ओढून घ्या. जुना टाका सोडून द्या."

"एवढंच? आणि एवढ्यावर तुझ्या माहेरच्या बायका मिरवतात?"

"वन्सं, टाका गळलाय."

गळत होताच. कुठे गळे, कुठे नसता उगवे. पट्टी खाली चिंचोळी, वर फुगलेली. मधोमध गळलेल्या टाक्याची शिडी, जणू त्या निर्बुद्ध कापडालाही वर चढून पळून जायचं होतं. वन्संनी ती तुच्छतेनं उशाशी टाकली आणि डोळे मिटले.

जाग आली तेव्हा पट्टी उशाशीच होती. शिडी मात्र नव्हती. कडा रुळासारख्या सरळ. स्वतःची चूक नाहीशी झालेली मुद्रितशोधकाला कळणार नाही तर कोणाला? त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ही कोणाची मेहरबानी? दया करतेस माझ्यावर?"

भावजय दारात थबकली. मग कित्येक वर्षांचा गोडवा तिच्या तोंडावरून पापुद्र्यासारखा गळून पडला. "दया कसली! उद्या ती डॉक्टरीणबाई पट्टी बघणार. तुमची चिंधी बघून तिनं तुम्हाला आणखी महिनाभर इथं ठेवलं, तर मी काय करू?"

खोलीत विलक्षण स्वच्छता पसरली. वन्संना वाटलं, या घरात प्रथमच कोणीतरी शुद्ध वाक्य बोललं.

"अगं बावळट, तिनं समोर बसवून विणायला लावलं म्हणजे?"

वन्संनी सुई उपसली, दोरा ओढला. सगळी लबाडी सरसर उसवत गेली.

"बस समोर. आणि गोड बोललीस तर याद राख."

"घट्ट ओढू नका, मेलं! गळा आवळताय का कोणाचा?"

"तुझाच. पुढे सांग."

एकमेकींपासून सुटका व्हावी म्हणून दोघी इतक्या निष्ठेनं राबल्या की चहा मागायला आलेला भाऊ उंबऱ्यावरूनच माघारी वळला.

दुसऱ्या दिवशी पट्टी जेमतेम चार बोटं भरली, पण सरळ होती. डॉक्टरीणबाईंनी खरंच समोर बसवून एक ओळ विणून घेतली. एकही टाका गळला नाही.

"जा घरी."

दवाखान्याचा जिना उतरताना भावजयीनं विचारलं, "बॅग आजच भरू?"

"अजून भरली नाहीस?" वन्सं म्हणाल्या.