रविवारी श्रीमंत, मंगळवारी गरीब

रंभाबाईला रविवारी श्रीमंत दिसायचं होतं आणि मंगळवारी गरीब. मधला सोमवार उसनं सामान परत करायला पुरेल, असा तिचा बेत होता.

रविवारी तिच्या लेकीला, प्रेमिलाला, बघायला कन्हानहून पाहुणे येणार होते. मंगळवारी सरकारी माणूस वस्तीतल्या गरिबांची यादी करायला येणार होता. यादीत नाव लागलं की छपरासाठी टिनाचे पत्रे मिळणार होते. रंभाबाईच्या छपराचे कवेलू, म्हणजे मातीची कौलं, इतके फुटले होते की भर दुपारी घरात बसून सुईत दोरा ओवता येई.

नवरा शालिकराम सीताबर्डीला सायकलरिक्षा ओढायचा. तो म्हणाला, "जसे हाओत तसे दिसू."

"मंग पोरगी घरीच राहीन," रंभाबाई म्हणाली आणि गल्लीत निघाली.

गल्लीत आठ घरं. चहाच्या टपरीवाल्या ताराचंदनं रेडिओ दिला. शेजारच्या सिंधूताईनं स्टीलचे डबे आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. कुणी खुर्ची, कुणी चादर. रविवारी सकाळी त्या एका खोलीत आठ घरांचा संसार झगमगत होता.

पाहुणे आले. मुलाचे वडील महादेवराव, आई इंदूबाई आणि कोळशाच्या खाणीवर काम करणारा मुलगा गोविंदा. पोह्यांच्या बशा हातात पडतात न पडतात तोच दारात एक माणूस उभा. बगलेत रजिस्टर, खिशात दोन पेन.

"मी मधुकरराव, सर्वेवाला. मंगळवारी मीटिंग आहे, म्हणून आजच आलो."

रंभाबाईनं रेडिओकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं. पण पाहुणे बघत होते. "बसा न साहेब," ती म्हणाली.

मधुकररावांनी खोलीभर नजर फिरवली आणि पेन उघडलं. "रेडिओ आहे?"

रेडिओ गात होता. "हाये न," रंभाबाई म्हणाली.

"दिवसातून किती वेळा जेवता?"

इंदूबाईनं पोहे चावणं थांबवलं. रंभाबाई म्हणाली, "भूक लागन तवा."

"भाजी?"

"दोन. पाहुणे असले तर तीन."

"दूध?"

"दूध तं सांडते साहेब."

शालिकरामनं डोळे मिटून घेतले. एकेका उत्तराला छपरावरचा एकेक पत्रा उडत होता, आणि बायको थांबायला तयार नव्हती. मधुकररावांनी खाली 'सुखवस्तू' असं लिहिलं, पोहे खाल्ले आणि ते शेजारी गेले. सिंधूताईकडे डबा नव्हता, घड्याळ नव्हतं, भिंतीवर नुसता खिळा होता. ताराचंदकडे रेडिओ नव्हता, पुढच्या घरी बसायला चादरही नव्हती. एवढी गरिबी मधुकररावांनी एका गल्लीत कधी पाहिली नव्हती. त्यांनी सातही घरं लिहून घेतली.

इकडे महादेवरावांनी बशी खाली ठेवली आणि हात जोडले. "पोरगी चांगली हाये. पण आमच्यानं हे झेपणार नाही. आमच्या घरी एक भाजी असते, तेही कधीमधी. तुमची लेक आमच्याकडे राहीन काहून?"

रंभाबाई उठली, तिनं एक डबा उचलला, झाकण काढून इंदूबाईसमोर धरला. डबा रिकामा होता. दुसराही.

"डबे शेजारणीचे, रेडिओ टपरीवाल्याचा," ती म्हणाली. "आमचं एवढंच हाये, बाई. ही पोरगी आन् हे फुटकं छप्पर."

इंदूबाईनं वर पाहिलं. कवेलूंतून ऊन तिच्या बशीत पडत होतं. पदर तोंडाला लावून ती हसू लागली. "अवं, मंग आधी काहून नाही सांगितलं? मी सकाळपासून घाबरून राहिली. हे लुगडं आमच्या घरमालकिणीचं हाये. त्यावर डाग पडू नये म्हणून चहासुद्धा घेतला नाही."

"आता घ्या," रंभाबाई म्हणाली. लग्न ठरलं.

दोन महिन्यांनी यादी लागली. गल्लीतली सात नावं होती, रंभाबाईचं नव्हतं. ती हपीसात गेली.

"तुमच्याकडे रेडिओ आहे," मधुकरराव रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाले.

"तो माहा नोहता."

"मग कुणाचा? ज्याचा असेल त्याचं पोस्टातलं लायसन आणा. तुमचं नाव लावतो, त्याचं काढतो."

तेव्हा रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन काढावं लागे. ताराचंदचं लायसन टपरीत, देवाच्या फोटोमागं खोचलेलं असे. रंभाबाईनं ते शंभरदा पाहिलं होतं. ताराचंदच्या घरी म्हातारी आई खोकत असते, हेही तिला ठाऊक होतं.

"कोणाचा होता ते ध्यानात नाही," ती म्हणाली.

"मग विनालायसन रेडिओ ठेवला म्हणून दंड होईल."

"कोणता रेडिओ? घरी या, दाखवा मले."

मधुकररावांनी रजिस्टर मिटलं.

पत्रे आले. महिनाभर गल्ली ठोकाठोकीनं दणाणली. पत्रे बसवून झाल्यावर सगळ्यांच्या घरचे जुने कवेलू रिकामे झाले. त्यातले धड निवडून ताराचंद आणि सिंधूताईनं रंभाबाईच्या दाराशी रचले. शालिकराम दोन दिवस छपरावर चढून ते बसवत होता.

वैशाखात पत्र्याखालची सातही घरं भट्टीसारखी तापली. दुपारी अख्खी गल्ली रंभाबाईच्या गार कवेलूंखाली येऊन झोपू लागली. तिला पाय पसरायला जागा उरेना.

"सुखवस्तू लोकांच्या घरी असंच असते," शालिकराम म्हणाला आणि बाहेर रिक्षात जाऊन झोपला.