दोन स्टारांच्या मधलं

आता ह्या हर्षाला काय म्हणावं! ओतूरला रिखबचंदांचं भांड्यांचं दुकान, ही त्यांची लेक. दिवसभर डबे पुसायचे आणि हात रिकामा झाला की मोबाइलवरच्या गेममध्ये वज्रधारा नावाची सेनापती व्हायचं. त्या गेमात लढाई कमी आणि चॅटच फार. पात्राचं बोलणं सरळ लिहायचं आणि ते काय करतंय, त्याला काय वाटतंय, ते दोन स्टारांच्या मधे. *वज्रधारा दातओठ खाते.* *वज्रधारेच्या डोळ्यांत अंगार.* ह्यात हर्षाचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग गेममधल्या तिच्या टोळीत आला बोरी बुद्रुकचा ऋषी. पात्राचं नाव झोकात, बिबट्या, पण स्टारांत लिहायचा काय? *कांद्याला पाणी धरतो.* *लाइट गेली, बांधावर बसतो.* समोर राक्षस उभा, आणि ह्याचं आपलं *आय जेवायला बोलावती, जातो.* टोळी हसून लोळायची. हर्षाही हसायची. पण मोबाइल उघडला की आधी त्याच्याच ओळी शोधायची, आणि त्या दिसल्या नाहीत की डबे आदळायची.

शेवटी तिला दया आली. तिनं त्याला समजावलं, की स्टारमधलं सगळं खोटं असतं, पात्राचं असतं. आपलं खरं बाहेर लिहायचं. तो बरं म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं राक्षसाची मुंडकी उडवली आणि वज्रधारेच्या ओळीखाली लिहिलं, *हिच्यावर लई जीव जडलाय. झोप लागत न्हाई.*

हर्षाला आधी गुदगुल्या झाल्या, मग डोक्यात किडा वळवळला. जीव जडलाय तो कुणाचा, बिबट्याचा की ऋषीचा? घ्या! नियम शिकवला कुणी? हिनंच. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा. दोन दिवस जळफळून तिनं विचारलंच, की हे पात्राचं का तुझं? उत्तर आलं, *उद्या ओतूरला जातो. तिच्या दुकानातनं पातेलं घेतो.* दुकानाचं गप्पांत तिनंच सांगितलेलं, पण परत स्टार! मोबाइल भिंतीवर फेकावा असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रस्त्याकडं बघायचंच नाही असं ठरवून ती सकाळपासून रस्त्याकडं बघत होती. दुपारी दारात एक पोरगा आला, पँटीला चिखल, केस पाण्यानं चापून बसवलेले.

"बोला पावणं," रिखबचंद म्हणाले.

"पातेलं पायजे."

"केवढं?"

त्यानं हर्षाकडं पाहिलं. कान लालबुंद झाले. "दोघांपुरतं."

रिखबचंद माल काढायला आत गेले. हर्षानं सगळा धीर गोळा केला आणि हळूच म्हणाली, "स्टारमधलं खोटं असतं, सांगितलं होतं ना?"

"सांगितलं व्हतं. पण खोटं लिवायला मला सुचतंय कुठं? ती मुंडकी तेवढी खोटी."

वज्रधारेला एका दमात दहा वाक्यं सुचायची. हर्षाला एक सुचेना. आनंद तर एवढा, की हातातला डबा कुठं ठेवावा कळेना. तिनं मोबाइल उचलला, काहीतरी लिहिलं. त्याच्या खिशात टुण्ण वाजलं.

*हर्षा लाजते. लई लाजते.*

स्टारांत तिनं स्वतःचं नाव पहिल्यांदाच लिहिलं होतं.

रिखबचंद पातेलं घेऊन बाहेर आले, तर गिऱ्हाईक मोबाइलकडं बघून एकटंच हसत होतं आणि लेक डब्यांच्या आड तोंड लपवून बसली होती. झाकण पाहिजे का, हे बिचाऱ्यांना तीनदा विचारावं लागलं.