गव्हाणीवरची बैठक

भांडण सकाळीच जुंपलं होतं आणि गवंडी बिचारा हातात थापी धरून दोघांच्या मध्ये उभा होता, सोडवायला गेलेल्यालाच मार बसावा तसा.

"आधी स्वयंपाकघराचं छप्पर," गिरणीवाली म्हणत होती.

"आधी पुढची खोली," गिरणीवाला म्हणत होता.

"मी चुलीपाशी बसले की डोक्यावर आभाळ दिसतं. कौलं नाहीत ती, चाळण आहे चाळण!"

"दिसू दे. मागचं कोण बघतंय?"

"मी बघते."

पण उत्तर नसलं म्हणून माघार घेईल तो नवरा कसला! गवंड्याकडं वळून म्हणाला, "तू बघत काय बसलास? पुढची खोली घे."

आम्ही समोरच राहतो. आमच्या ओट्यावर बसलं की त्यांच्या घरातलं बोलणं ऐकायला कान द्यावा लागत नाही, आपोआप पडतं.

ते घर मूळचं एका म्हातारीचं. नवरा गेला, पोरगा नव्हता, लेकीनं शहरात नेलं. जाताना तिनं घर गिरणीवाल्याला विकलं आणि म्हैस दूधवाल्याला. घर देताना ती रडली नाही. म्हैस देताना मात्र तिच्या गळ्यात पडून असं रडली, की लेक लाजून रिक्षात जाऊन बसली. म्हातारी त्या म्हशीला 'सूनबाई' म्हणायची. म्हणायची, "सून असती तर एवढं ऐकलं नसतं."

त्या घराची एक गंमत होती. म्हातारीच्या नवऱ्यानं सगळं चांगलं लाकूड, चांगली कौलं, घडीव दगड पुढच्या गोठ्याला लावले होते. माणसांच्या खोल्या मागं, कशाबशा उभ्या केलेल्या. पावसाळ्यात म्हैस कोरडी आणि माणसं ओली. मग नवरा-बायको अंथरूण उचलून म्हशीशेजारी येऊन झोपायची. आख्ख्या घरात राहण्यासारखी जागा एकच, आणि ती म्हशीची.

गिरणीवाल्याच्या मनात तीच भरली. त्याला तिथं बैठकीची खोली करायची होती.

त्याचंही कारण होतं. वरच्या आळीत त्याच्या थोरल्या भावाचं घर. गिरणीवाला लग्न झाल्यापासून तिथंच, मागच्या बाजूच्या एका खोलीत राहिला. थोरल्याची बैठक मोठी, खुर्च्यांना खोळी, भिंतीवर घड्याळ. गिरणीवाला दिवसभर पिठात. डोक्यावर पीठ, भुवयांवर पीठ, बोलला तर तोंडातूनही उडायचं. त्या बैठकीत तो उंबऱ्यावरून बोलायचा आणि उंबऱ्यावरूनच परतायचा. थोरला 'बस' म्हणाला नाही आणि धाकटा आपणहून बसला नाही. असं किती वर्षं चाललं हे त्या घड्याळालाच ठाऊक. आता धाकट्याच्या डोक्यात एकच होतं: आपली स्वतःची बैठक करायची आणि थोरल्याला तिथं बोलावून बसवायचं.

तर गवंड्यानं गोठा खणायला घेतला. खाली हातभर सगळं शेणामुताचंच. ते काढून मुरूम घातला, वर फरशी बसवली, भिंतींना गिलावा केला. अडलं ते फक्त गव्हाणीपाशी. म्हशीला वैरण टाकायची ती दगडी गव्हाण भिंतीतच बांधून काढलेली होती.

"ही काढली तर भिंत अंगावर येईल," गवंडी म्हणाला.

"मग?"

"बुजवून टाकू. वर गुळगुळीत कोबा करतो. बसायला झकास कट्टा होईल. गादी टाका वर, राजा बसला तरी कळणार नाही खाली काय आहे."

तसंच केलं. गादी टाकली, वर फुलाफुलांची चादर. गिरणीवाला त्यावर बसून बघायचा, उठायचा, लांबून बघायचा, परत बसायचा. बायको मागं चुलीपाशी डोळे चोळत बसलेली असायची. जवळचं होतं नव्हतं ते सगळं बैठकीनं खाल्लं. स्वयंपाकघराच्या छपराचं नाव काढलं की तो म्हणायचा, "बघू पुढं." त्याचं 'पुढं' म्हणजे क्षितिजासारखं. जवळ गेलं की आणखी लांब.

रंग वाळावा म्हणून एका संध्याकाळी दार सताड उघडं ठेवलं होतं. गिरणीवाली मागं होती. बाहेरून खुरांचा आवाज आला आणि सूनबाई सरळ आत शिरली. रानातून चरून आली होती ती. दूधवाल्याच्या गोठ्याचा रस्ता सोडून आपल्या घरी आली. नव्या फरशीवर जपून पावलं टाकत कट्ट्यासमोर जाऊन उभी राहिली आणि गादीवरची फुलं हुंगायला लागली. चेहरा असा, की हे काय वाढून ठेवलंय?

दूधवाला दावं घेऊन धापा टाकत आला आणि ओढून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दार बंद होतं, तर सूनबाईनं कपाळानं ढकललं. कडी नवी होती, पण भोकं जुन्या लाकडात होती.

मग एक दिवस गिरणीवाला कामावर गेल्यावर दूधवाला तोंड पाडून दारात आला.

"वहिनी, एक अडचण आहे. ती माझ्याकडं पान्हा सोडत नाही हो. पेंड घातली, गूळ घातला, माझ्या बायकोनं म्हातारीसारखा आवाज काढून बघितला. थेंब देत नाही."

"मग मी काय करू? तुमची म्हैस, तुम्ही बघा."

"दोन वेळा इथं उभी करू द्या. दूध काढलं की लगेच नेतो. फरशी मी धुऊन देतो, शेणाचा ठिपका राहणार नाही. रोज तांब्याभर दूध तुमचं."

गिरणीवालीनं दुधाचं ऐकलं. मग एकदम म्हणाली, "तुमचा तो मागचा गोठा पडलाय ना? त्याची कौलं काय केलीत?"

"पडून आहेत. चांगली आहेत."

"कौलं घालता येतात तुम्हाला?"

दूधवाल्यानं आधी तिच्याकडं बघितलं, मग मागच्या छपराकडं बघितलं. हुशार माणूस. म्हणाला, "येतात की."

ठरलं. नवऱ्याला सांगायचं कुणी? कुणीच सांगितलं नाही. सकाळी गिरणीचा पट्टा फिरून पुकपुक ऐकू आलं, की इकडं म्हैस बैठकीत. संध्याकाळी पुकपुक थांबायच्या आत दूध काढून, फरशी धुऊन, गादी झटकून सगळं जागच्या जागी. दुपारच्या वेळी दूधवाला मागच्या छपरावर चढून कौलं चाळायचा. सगळ्या आळीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त घरधन्याला.

तो उलट खूश. आमच्या ओट्यावर येऊन सांगायचा, "बघा, बैठक असली की बाईमाणसाला टापटीप आपोआप सुचते. रोज फरशी धुते! मी एका शब्दानं सांगितलेलं नाही."

"बरोबर आहे," आम्ही म्हणायचो.

"आणि घर लाभलं हो. चहा बघा कसा दाट झालाय."

"घराचाच गुण," आम्ही म्हणायचो.

वास यायचाच थोडाफार. पण जन्मभर पीठ नाकात गेलेल्या माणसाला वास कसला कळतो! कधी कळलाच, तर म्हणायचा, "जुन्या घराचा वास आहे, जाईल हळूहळू."

शेवटी थोरल्यानं यायचं कबूल केलं. आज येतो, उद्या येतो करत त्यानं बरेच दिवस घालवले होते, म्हणून त्या दिवशी निरोप आला तेव्हा गिरणीवाल्याची धांदल उडाली. दुपारीच गिरणी बंद. डोक्यावर तीन-तीनदा पाणी ओतलं, कानातलं पीठ काढलं, लग्नातला सदरा घातला. बायकोनं गुपचूप दूधवाल्याला सांगून पाठवलं, आज संध्याकाळी येऊ नका. दूधवाल्याला निरोप पोचला. म्हशीला कोण सांगणार?

थोरला आला. इस्त्रीचे कपडे, हातात काठी. दारात थांबून वर बघितलं, खाली बघितलं. "कोपरा जरा वाकडा आलाय," म्हणाला आणि कट्ट्यावर बसला. अगदी मधोमध. गिरणीवाला समोर उभाच. इतकी वर्षं ज्यासाठी झुरला ते झालं होतं, पण पुढं काय बोलायचं हे त्यानं ठरवलंच नव्हतं.

"चहा टाक गं!" तो ओरडला. तेवढंच सुचलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि सूनबाई आत आली.

तिनं कुणाकडं बघितलं नाही. रोजच्या जागी जाऊन आडवी उभी राहिली आणि तोंड पुढं केलं. पुढं थोरल्याची मांडी होती. मागं भिंत, समोर म्हैस, एका अंगाला शिंगं. थोरल्याला उठायला वाव नाही, सरकायला जागा नाही. तिनं त्याचा इस्त्रीचा सदरा पोटापासून खांद्यापर्यंत एकदा सावकाश चाटला.

"अरे! ए! हाकल तिला!"

गिरणीवाला शेपूट ओढायला लागला. डोंगर हलेल एक वेळ. पाठोपाठ दूधवाला बादली घेऊन पळत आला. बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर त्याला काही दिसलं नसावं. सवयीनं म्हणाला, "वहिनी, नाही म्हटलं तरी आलीच बघा ही. आता काढूनच घेतो." आणि खाली बसला. मग त्याला आधी गिरणीवाल्याचा लग्नातला सदरा दिसला आणि नंतर म्हशीपलीकडं थोरल्याचं डोकं दिसलं.

"दूध काढल्याशिवाय आता हलायची नाही ती," तो बारीक आवाजात म्हणाला.

"मग काढ की!" थोरला कडाडला.

बादलीत धारा वाजायला लागल्या. थोरला काठी छातीशी धरून बसला होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "हे रोजचं आहे का?"

"रोज दोन वेळा," स्वयंपाकघराच्या दारातून गिरणीवाली म्हणाली. आता लपवून काय उपयोग?

"रोज?" हे गिरणीवाल्यानं विचारलं.

थोरल्यानं भावाच्या तोंडाकडं बघितलं. त्या तोंडावर जे काही होतं ते बघून त्याचं पोट हलायला लागलं. आधी पोट, मग खांदे, मग तो मोठ्यानं हसला. धारा एकदम थांबल्या.

"दादा, हसू नका," दूधवाला कळवळून म्हणाला. "दूध चोरते ती. हळू बोला."

मग थोरला हळू बोलायला लागला. जन्मात पहिल्यांदा. आवाज उतरल्यावर माणूसही जरा उतरतो की काय कोण जाणे.

"तू बस ना. उभा काय राहिलास?"

गिरणीवाला खाली फरशीवर बसला.

"आमच्या बैठकीला कुलूप असतं आता," थोरला म्हणाला. "पोरं गेली शहरात. झाडायला उघडतो तेवढीच. तू तर कधी बसलाच नाहीस तिथं."

"तुम्ही कधी बस म्हणाला नाहीत, दादा."

"मी नाही म्हणालो, तर आपण होऊन बसायचंस. मला वाटायचं, याला कमवायला लागल्याचा ताठा आलाय."

"ताठा?" गिरणीवाल्याचा आवाज चढला.

"हळू," दूधवाला म्हणाला.

"ताठा?" त्यानं परत विचारलं, हळू.

पुढं दोघं काय काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. एवढं हळू त्या घरात कधी कुणी बोललंच नव्हतं. बादली भरली, म्हैस गेली, तरी थोरला उठला नाही. चहा झाला, परत झाला.

त्या रात्री नवऱ्यानं बायकोला जाब विचारला असणार. तिनं त्याला नुसतं स्वयंपाकघरात नेऊन वर बोट दाखवलं. एकसुद्धा तारा दिसत नव्हता. पहिला पाऊस झाला तेव्हा तिनं चुलीपाशी कोरड्यात बसून स्वयंपाक केला आणि त्यानंही तिथंच बसून जेवण केलं. बैठकीत म्हैस होती.

थोरला दुसऱ्या दिवशी परत आला. "इकडून चाललो होतो," म्हणाला. त्या आळीतून कुठंही जायला रस्ता नाही, ती पुढं बंदच होते. मग रोजच यायला लागला. बसायचा तिथंच, मधोमध. येताना खिशातून गुळाचा खडा आणायचा आणि घरात लहान मूल नसूनही तो संपायचा.

गिरणीवाल्याची मात्र पंचाईत झाली. भाऊ येतो संध्याकाळी, आणि गिरणीला गर्दीही संध्याकाळीच. दूधवाल्याला म्हणाला, जरा उशिरा आण. म्हैस ऐकेना. शेवटी तो गिरणीच लवकर बंद करायला लागला. ज्यांचं दळण राहिलं ते लोक चिडून घरी जाब विचारायला यायचे आणि थोरला त्यांना 'बसा' म्हणायचा. पिठाच्या डब्यांसकट माणसं बैठकीत बसायला लागली. गिरणीवाला गिरणीतला कोंडाही बैठकीत आणायला लागला, कुणाचं लक्ष नाही असं बघून. पण सूनबाईच्या नाकाला ते लगेच कळायचं.

असाच एका संध्याकाळी गिरणीवाला सूनबाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "मी काय म्हणतो, दूधवाल्याकडून हिला घेऊनच टाकू या आपण. राहते इथंच, आपली म्हणून राहील."

थोरल्यानं मान डोलावली. दूधवाल्याचे हात थांबले. त्याच्या तोंडावर अशी आशा उमटली, की आम्हाला समोरून दिसली.

"अजिबात नाही," गिरणीवाली आतून म्हणाली. "आपली झाली की वैरण आपली, दुखणं आपलं, आटली की उपास आपला. आज दूध दारात आहे आणि म्हैस दुसऱ्याची आहे. एवढं सुख कुणी विकत घेतं का?"

दूधवाला मान खाली घालून परत धारा काढायला लागला. थोरल्याला हसू आवरेना, पण दूध अजून निम्मंच झालं होतं. म्हणून त्यानं धाकट्याच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि तिथं हसून घेतलं.