केंद्रावर आलेला व्याही

उंबरदरीच्या वॉर्ड क्रमांक दोनमधून बेबीताई अवसरमोल एका मतानं पडल्या. हे वाक्य ज्यानं वाचलं असेल त्यानं विसरून जावं. तसं काही झालेलं नाही. मतदान अजून सुरू व्हायचं आहे, शाळेच्या पत्र्यावर धुकं बसलं आहे, आणि बेबीताईंचा मतदान प्रतिनिधी सहदेव अंभोरे पहिलीच्या पोरांसाठी केलेल्या बाकात गुडघे हनुवटीला टेकवून बसला आहे.

मतदान प्रतिनिधीचं काम म्हणजे बसणं. अधिकारी मोठ्यानं नाव वाचतो, प्रतिनिधीनं समोरचं तोंड पाहायचं आणि नाव-तोंड जुळत नसेल तर हरकत घ्यायची. सहदेवला गावातली सगळी तोंडं पाठ होती. कुत्र्यांचीही होती, पण त्यांना मत नव्हतं.

बेबीताई उभ्या राहिल्या त्या नळाच्या लाईनसाठी. ती लाईन गावच्या बड्या असामीच्या, मोतीरामच्या, फाटकापाशी येऊन थांबली होती. तिथून बेबीताईंची वस्ती हाकेच्या अंतरावर, पण पाण्याला काही हाक ऐकू येत नव्हती. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुततो आणि हिवाळ्यात तीच माती भेगाळून पायात रुतते. बाया दोन्ही ऋतूंत हंडा डोक्यावर घेऊन त्याच वाटेनं येत. समोरून उभी होती मोतीरामची बायको सुभद्राबाई. तिचा प्रतिनिधी म्हणून खुद्द मोतीराम पलीकडच्या खुर्चीवर बसला होता. खुर्ची त्यानं घरून आणली होती.

"काय सहदेव, बाक पुरतं का बे?" त्यानं विचारलं.

"पुरतं नं. लाईनीपेक्षा लांब आहे."

सकाळी निघताना बेबीताईंनी एवढंच सांगितलं होतं, "सहदेव, डोये उघडे ठेवजो. तोंड एकदाच उघडजो, पण टायमावर उघडजो."

केंद्राध्यक्ष बुलढाण्याहून आलेला मास्तर होता. डासांनी सुजवलेल्या तोंडानं त्यानं नियम वाचून दाखवले. मतदाराशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, मोबाईल चालणार नाही, लघवीला जायचं तर विचारून. सहदेवनं प्रत्येक नियमाला मान डोलावली. शेवटी मान डोलावणं ही खूण धरतात का, असंही त्यानं विचारून घेतलं.

त्याचं स्वतःचं मत अजून द्यायचं होतं. बायकोनं, सारिकानं, पहिलं काम तेच करा म्हणून बजावलं होतं. पण रांगेत कापूस वेचायला जाणाऱ्या बाया होत्या. त्यांचा रोज बुडू नये म्हणून तो त्यांना पुढं करत राहिला. आपण काय, इथंच बसलो आहोत, असा त्याचा हिशेब होता.

उन्हं चढली, रांग विरळ झाली, आणि दारातून भाऊराव आत आला.

भाऊराव म्हणजे सहदेवचा व्याही. सहदेवची मुलगी राखी त्याच्या घरात दिलेली. तो टेकडीपलीकडच्या गावचा. उंबरदरीच्या मतदानाशी त्याचा संबंध शेगावच्या रेल्वेशी असतो तेवढाच, म्हणजे नाहीच. राखीला पावसाळ्यात त्यांनी माहेरी धाडून दिलं होतं. कारण काय, तर वरणात मीठ. तिला पाचवा महिना लागला तेव्हा चार माणसं मध्ये पडली, आणि मागच्याच आठवड्यात भाऊराव जीप घेऊन येऊन तिला परत घेऊन गेला. जीप मोतीरामची होती. हे सहदेवला तेव्हाच दिसलं होतं, पण मुलगी नांदायला जात असताना गाडी कुणाची हे बाप पाहत नाही.

आता व्याही दारात आला की माणसानं उठावं, जय भीम घालावा, पाणी विचारावं. मग भांडायचं तर पोटभर भांडावं. पण आधी पाणी. सहदेव रीतीप्रमाणं उठला. गुडघे अडकल्यामुळं बाकही त्याच्यासोबत उठलं.

"जय भीम, इवाई."

"साहेब, हरकत आहे," मोतीराम म्हणाला. "प्रतिनिधी मतदाराशी बोलून राह्यला."

केंद्राध्यक्षानं सहदेवला समज दिली. पुन्हा बोललात तर बाहेर काढीन, म्हणाला. पाणी सहदेवच्या ओठावर आलं होतं ते त्यानं गिळलं आणि बाकासकट खाली बसला.

भाऊरावनं चिठ्ठी आणि आधारची झेरॉक्स टेबलावर ठेवली. ती राखीच्या लग्नाची नोंद करताना सहदेवनंच त्याला दिली होती. झेरॉक्सची झेरॉक्स होऊन फोटो इतका काळा पडला होता की त्यात कुणीही बसलं असतं.

अधिकाऱ्यानं मोठ्यानं वाचलं, "सहदेव किसन अंभोरे."

भाऊराव भिंतीवरच्या भाज्यांच्या तक्त्याकडं पाहत होता, जणू वांगं आयुष्यात पहिल्यांदाच दिसतंय. केंद्राध्यक्षाची नजर सहदेवच्या छातीवरच्या पासवर गेली.

"तुमचंही नाव हेच आहे."

"हाव साहेब."

"वडिलांचंही?"

"हाव."

"आमच्या गावात माणसं लय अन् नावं कमी आहेत, साहेब," मोतीराम म्हणाला.

केंद्राध्यक्ष सहदेवकडं वळला. "हरकत आहे का तुमची? तुम्ही घेतली तर मला चौकशी करावी लागेल. पोलीस बोलवावा लागेल."

पोलीस बाहेर उन्हात हरभऱ्याचे घाटे खात बसला होता. तो उठून आत येईल, व्याह्याचा दंड धरेल, आणि संध्याकाळी राखीची पेटी अंगणात पडेल, एवढं सगळं सहदेवला त्या बाकातून स्पष्ट दिसलं. नियमच तसा होता की प्रतिनिधीला सगळं दिसेल अशा जागी बसवावं.

"नाही साहेब," तो म्हणाला.

भाऊरावच्या बोटाला शाई लागली. यंत्र लांबलचक वाजलं. सहदेव उरलेला दिवस चोख बसून होता. एक खोटा मतदार त्यानं परतही पाठवला.

मग तो निकाल लागला, जो लागलाच नाही असं आपलं ठरलं आहे.

सहदेव थेट बेबीताईंच्या दारात गेला. त्या हंडा घासत होत्या.

"ताई, माह्या नावावर इवाई मत देऊन गेला. मी पाहून राह्यलो होतो."

बेबीताईंचा हात थांबला. त्यांनी विचारलं, "राखी कशी आहे?"

"पाचवा चालू आहे."

"मंग तू काय बोलतं. मी बी नसती बोलली." आणि त्या हंडा घेऊन मोतीरामच्या फाटकाकडं निघाल्या.

पुढच्या बाजाराला जीप वस्तीत आली. राखी पेटी घेऊन उतरली. भाऊराव उतरला नाही.

"इवाई, तुमच्या गावात आलो, चार लोकांत उभा राह्यलो. तुम्ही खाली बसले. पाण्याले पुसलं नाही."

"नियम होता, इवाई."

"नियम सरकारले. आपल्यात कायचा नियम?"

जीप वळली. राखी आत गेली आणि भिंतीला टेकून बसली. सारिकानं पेटी उचलली. सहदेव अंगणात उभ्या-उभ्याच अर्ज बोलू लागला, आणि दुसऱ्या दिवशी एका शिकलेल्या माणसाकडून तो नीट लिहून घेऊन तहसीलला देऊन आला:

"महोदय, उपरोक्त विषयान्वये अर्ज सादर करतो की, मतदान प्रतिनिधीस मतदान सुरू झाल्यापासून यंत्र सीलबंद होईपर्यंत व्याही, जावई, मुलगी व इतर कोणीही नातेवाईक नसल्याचे शासनाने जाहीर करावे, व सदर आदेशाची एक प्रत त्याच्या मुलीच्या सासरी बजावण्यात यावी, ही नम्र विनंती."