काट्यावरची लाइन

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर अडला, की इंजिनिअर महेंद्र तिथल्या क्लार्क यशोधराबाईंवरच डाफरायचा. त्या बापड्या सांगायच्या, "साहेब, एक बैलगाडी असली की चालतंय, रांग लागली की अडतंय."

"मशीनला रांग दिसते होय, बाई?" तो म्हणाला, तसे काट्यावरचे सगळे हसले होते.

आज महेंद्रनं काटा आणि ऑफिस जोडणाऱ्या लाइनवर नजर ठेवणारं नवं सॉफ्टवेअर लावलं आणि त्याचं तोंड उतरलं. रांग वाढली की चुका वाढत होत्या. काट्याचं टोक हाफ डुप्लेक्सवर, म्हणजे ऐकून मग बोलणारं. ऑफिसचं फुल डुप्लेक्सवर, न थांबता बोलणारं. गाड्या वाढल्या की दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळून लाइन अडायची. ऑफिसचं ते सेटिंगही दसऱ्याला त्यानंच केलेलं.

सेटिंग बदलून तो खालमानेनं काट्यावर गेला. बाई उठून उभ्या राहिल्या.

"सापडलं का, साहेब? माझं काय चुकत हुतं?"